पावती पुस्तकातली शाहिरी

घाटकोपरात कला कोणी पोसली असं विचारलं, की लोक देणगीदारांची नावं सांगतात. सभागृहांच्या दारावरच्या संगमरवरी पाट्यांवर ती असतातही. मी मात्र जून आणि डिसेंबरच्या पगाराची चिठ्ठी काढून दाखवते. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात टर्नर होते. वर्षातल्या या दोन महिन्यांत त्यांच्या पगारातून कामगार कल्याण निधीची किरकोळ रक्कम कापली जायची, आणि आई दर वेळी विचारायची, "हे कसले कापले?" वडील म्हणायचे, "पोरीच्या पेटीचे."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. मुंबई राज्याने १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा केला आणि त्याच वर्षी १ जुलैला कामगार कल्याण मंडळ स्थापन झालं. कामगाराने थोडे घालायचे, मालकाने त्याच्या तिप्पट. बरीच वर्षं सहामाहीला हा आकडा १२ आणि ३६ रुपये होता, अलीकडे २५ आणि ७५ झाला. पण या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली तरतूद वेगळीच आहे. कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि कोणी न्यायलाच न आलेला पगार, तेही या निधीत जमा. म्हणजे कुणी तरी पाळीला उशिरा पोचला, त्याला दंड झाला आणि मंडळाच्या कुठल्या तरी कल्याण केंद्रातल्या तबल्याला नवी पुडी चढली. कलेचा असा आश्रयदाता इतिहासाच्या पुस्तकात सापडायचा नाही.

आमच्याकडच्या केंद्रात एका खोलीत शिवणवर्ग आणि शेजारच्या खोलीत समरगीताची तालीम चालायची. आईने मला शिवणाला घातलं होतं. भिंत पातळ, त्यामुळे काजं-बटणं शिकता शिकता मी पलीकडची कडवी पाठ केली आणि एके दिवशी सरळ तिकडे जाऊन बसले. शिकवणारे मास्तर दिवसा फिटर होते. पहिले काही महिने ते कोणालाच शाहीर होऊ द्यायचे नाहीत, आधी झील. शाहीर ओळीचा शेवट सोडतो तो झीलकऱ्यांनी उचलायचा आणि लांबवायचा, तेवढ्यात शाहिराला श्वास घ्यायला मिळतो. नवी पोरं घाईने उचलायची. मास्तर ओरडायचे, "त्याचा श्वास खाऊ नका रे!" पावसाळ्यात डफ उतरायचा. मग वर्तमानपत्राचा बोळा पेटवून मास्तर त्याच्यावर डफ फिरवत, टिचकी मारून कानाशी नेत, पुन्हा फिरवत. जास्त शेकला तर कातडं तडकतं, कमी शेकला तर दुसऱ्याच कडव्याला आवाज बसतो. हे कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेलं नव्हतं. मास्तरांनी ते त्यांच्या उमेदवारीत जुन्या कलापथकवाल्यांकडे पाहून घेतलं होतं.

आणि जुने कलापथकवाले म्हटलं की घाटकोपरात वाट चिरागनगरलाच जाते. अण्णा भाऊ साठे तिथल्या झोपडपट्टीत राहत होते. वाटेगावचा मुलगा, शाळा नावालाच, घरच्यांबरोबर पायी मुंबईला आलेला. १९४४ च्या सुमारास अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सभेला आधी माणसं जमवायची ती शाहिराने, पुढाऱ्याचं भाषण नंतर. डफ वाजला की चाळीतली माणसं खाली उतरत. स्वातंत्र्य आलं आणि मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. अण्णा भाऊंनी तमाशाचाच बाज लोकनाट्य म्हणून मंचावर आणला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं, गवळण गेली, वग मात्र तसाच तिखट राहिला. बंदी घालणाऱ्यांनी तमाशाला नवं आयुष्य दिलं, असं मास्तर हसत सांगायचे. मला ते अर्धंच पटतं. नाव बदलून उभं राहणं अण्णा भाऊंना जमलं, ज्यांचं पोट फक्त तमाशावर होतं त्या फडांची उपासमार झाली.

त्यांची 'फकिरा' कादंबरी आली १९५९ साली. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले, आणि पत्ता बराच काळ तोच, चिरागनगर. पुढे गोरेगावला घर मिळालं आणि तिथेच १८ जुलै १९६९ ला ते गेले. महिना-दीड महिन्यात, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. एका पावसाळ्यात दोघं. शासनाने चिरागनगरात अण्णा भाऊंचं स्मारक करायचं ठरवलं आहे, ते व्हावंच. पण ग्रंथांमध्ये अण्णा भाऊ सापडतात ते लेखक म्हणून, शाहीर म्हणून. कलापथक ही शिकण्याची जागाही होती, तिच्यात शाळा न शिकलेल्या पोरांना पाठांतर, ताल, सभाधीटपणा हे सगळं फुकट मिळत होतं, हे कोणी फारसं लिहीत नाही. तिथे हजेरीपट नव्हता म्हणून असेल.

रुळांच्या पूर्वेला गोष्ट निराळी. तिथे वल्लभबाग लेनचं गुजराती घाटकोपर आहे, त्यांच्या नाटकांना झवेरबेन सभागृह. मराठी नाटक बघायचं तर आम्ही मुलुंडला कालिदासला जायचो. पण हायवेला लागून रमाबाई आंबेडकर नगर आहे, आणि तिथलं गाणं सभागृहावर अवलंबून कधीच नव्हतं. आंबेडकरी जलशांची ती परंपरा. भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३० च्या दशकात गावोगाव जे पेरलं, ते वामनदादा कर्डकांच्या गाण्यांतून शहरातल्या वस्त्यांपर्यंत पोचलं. एप्रिल आला की वर्गणीची पावती पुस्तकं निघत. मंडप, लाउडस्पीकर, गायन पार्टीची सुपारी, सगळं त्यातून. दोन पार्ट्यांचा कव्वालीचा सामना लागला तर पहाट व्हायची. समोरच्या पार्टीच्या सवालाला तिथल्या तिथे जवाब जुळवायचा, पब्लिक खूश झालं की नोटा घेऊन माणसं मंचाकडे धावत. कोरसला बसलेली पोरं हे बघत बघत तयार होत, पुढच्या वर्षी त्यातला एखादा ढोलकीला बसलेला दिसायचा.

११ जुलै १९९७ ला याच वस्तीत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक हायवेवर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात आयुष्य संपवलं. आव्हान नाट्य मंचाचे ते शाहीर. आनंद पटवर्धन यांनी झोपडपट्टीवासीयांवरच्या आपल्या जुन्या माहितीपटात त्यांना गाताना टिपलं होतं, त्यांच्या मृत्यूनंतर 'जय भीम कॉम्रेड' करायला घेतला आणि तो पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. शाहिराच्या घरी काय होतं हे त्या चित्रपटात दिसतं. टाळ्या हजारोंच्या पडतात, पण महिन्याचं काही ठरलेलं नसतं. आमच्या मास्तरांना निदान फिटरचा पगार होता.

आता तो पगारही कोणाला नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर, जुन्या आग्रा रोडवर, एकामागून एक कारखाने गेले आणि मॉल, टॉवर आले. असल्फ्याच्या डोंगरावरच्या घरांच्या भिंती २०१७ च्या डिसेंबरात स्वयंसेवकांनी झगझगीत रंगवल्या, मेट्रोतून फार छान दिसतं. मला रंगाचा राग नाही. पण असं एकदाच होणारं काम असलं की मदत लगेच मिळते. ढोलकी शिकवणाऱ्याला दरमहा मानधन द्या म्हटलं, की समोरचा विचारतो, बॅनर कुठे लावायचा?

आम्ही काही जण संध्याकाळी एका विहाराच्या हॉलमध्ये वर्ग घेतो. ढोलकी, डफ, तुणतुणं आणि अर्थात झील. मुलांची फी बेताची, बाकीचं अजूनही पावती पुस्तकावर. मधे एकदम गर्दी वाढली तेव्हा मला नवल वाटलं, मग कळलं की लोककलेसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. आया गुणांसाठी मुलांना घेऊन येतात, येऊ देत, मीसुद्धा शिवणवर्गातूनच आले होते. अडचण एवढीच, की गुणांना मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि आमची संस्था कागदावर नाहीच. म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचे कागद घालायला घेतले आहेत. उद्देशाच्या रकान्यात मी 'झील शिकवणे' लिहिलं होतं. वकील म्हणाले, असं चालत नाही, 'सांस्कृतिक उन्नती' लिहा. लिहिलं.