साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

आजचा भाग घरांबद्दल आहे. १९२० च्या आसपास वाढणाऱ्या मुंबईत कुणाच्या घरात उजेड यायचा, संडास कुठे असायचा आणि त्यावरून घरातलं तान्हं बाळ जगेल की नाही हे किती ठरायचं, त्याबद्दल. हेडफोन लावून ऐकणार असाल तर मधे आकडे येतील, तिथे जरा हळू चला.

मी खारघरला राहतो. आमच्याकडे सेक्टर, प्लॉट नंबर, नोड हे रोजचे शब्द. आधी नकाशा, मग रस्ते आणि गटारं, मग इमारती, आणि सगळ्यात शेवटी माणसं. सिडको १९७० साली आली, त्यामुळे ही पद्धत तेव्हाचीच असं आपल्याला वाटतं. पण मुंबईत हे सत्तर वर्षं आधीच सुरू झालं होतं, दादर-माटुंग्याच्या शेतांवर. आणि सुरू झालं ते प्लेगमुळे.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी पळाले, गिरण्यांना कामगार मिळेनात. सरकार घाबरलं ते माणसं मेली म्हणून की गिरण्या थांबल्या म्हणून, हे तुम्ही ठरवा. १८९८ मध्ये कायदा झाला आणि बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. काम काय, तर दाटीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती करायची आणि उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती बसवायची.

समज असा होता की अंधार आणि कोंदट हवा म्हणजेच रोग. प्लेगच्या बाबतीत हे चूक होतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं होतं, पण ते सगळ्यांना पटायला बरीच वर्षं गेली. गंमत अशी की प्लेगसाठी चुकलेला हा विचार क्षयासाठी बऱ्यापैकी बरोबर होता. कोंदट खोलीत दहा माणसं झोपली की एकाचा खोकला सगळ्यांचा होतो.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. ट्रस्टचे एक अध्यक्ष होते, जे. पी. ऑर. हा माणूस एका कोनाच्या मागे लागला होता: साडेत्रेसष्ट अंश. तळमजल्यावरच्या खिडकीशी उभे राहा आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघा. नजरेची रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढत असेल, तर त्या खोलीला पुरेसं आकाश नाही. नियम मूळचा लंडनच्या १८९४ च्या बांधकाम कायद्यातला. दहावीचं त्रिकोणमिती आठवतंय? या कोनाचा टॅन्जंट जवळपास बरोबर २ येतो. म्हणजे समोरची भिंत साठ फूट उंच असेल तर मधे तीस फूट मोकळी जागा हवी. आरोग्याचा अख्खा प्रश्न एका ओळीच्या गणितात बसवला होता, आणि तो कोणत्याही मिस्त्रीला दोरी लावून तपासता येत होता.

दादर-माटुंग्यात ही शिस्त जमिनीवर उतरली. ट्रस्टने आधी रस्ते आणि ड्रेनेज टाकलं, मग अटी घालून प्लॉट भाड्याने दिले: इतकेच मजले, इतकी जागा मोकळी. सुरुवातीला कुणी यायलाच तयार नव्हतं. गर्दी झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, किंग्ज सर्कलभोवतीची तमिळ वस्ती, सगळं त्या वीसेक वर्षांत भरत गेलं. कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले नोकर. यांना बंगला परवडणारा नव्हता आणि चाळ नको होती. त्यातून जी गोष्ट आली तिला आपण आज फ्लॅट म्हणतो: दाराच्या आत स्वतःचं स्वयंपाकघर, मोरी आणि संडास.

संडास घरात! आज यात काहीच वाटत नाही. पण सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना ही साधी गोष्ट नव्हती. देवघर आणि स्वयंपाकघर ज्या छपराखाली, त्याच छपराखाली शौचकूप? मग तो मागच्या कोपऱ्यात ढकलला गेला. त्या काळच्या कित्येक इमारतींच्या पाठीला लोखंडी गोल जिना दिसतो. सफाई करणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने येऊ नये म्हणून तो जिना. इन्स्टाग्रामवर त्याचे फोटो ‘जुनी मुंबई’ म्हणून फिरतात, छान दिसतो, मीही लाइक केलेत. पण तो जिना म्हणजे लोखंडात ओतलेली जात आहे.

आता जरा दक्षिणेला येऊ, गिरणगावात. वर्ष १९२१. मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत मरणारी मुलं साडेसहाशेच्या वर. हा आकडा खोल्यांप्रमाणे फोडलेलाही आहे. एका खोलीत राहणाऱ्या घरांत हजारी सुमारे ८२८. दोन खोल्यांत सुमारे ३२२. तीन खोल्यांत १९१. चार किंवा जास्त खोल्यांत १३३.

मी पोटासाठी डेटाबेस सांभाळतो, त्यामुळे असा आकडा दिसला की आधी छेद बघतो. इथे छेदात गडबड आहे. गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर, आपापल्या गावी जात. जन्माची नोंद तिकडे. मूल काही महिन्यांचं झालं की आई परत खोलीत यायची, आणि ते दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणजे अंश पूर्ण, छेद अर्धवट. ८२८ हा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला आहे हे नक्की. पण दोन खोल्या ते चार खोल्या ही उतरंड बघा. तिथे ही गडबड बरीच कमी असणार, तरी फरक दुपटीहून जास्त आहे. एक भिंत जास्त मिळाली की मूल जगण्याची शक्यता वाढत होती. अर्थात खोलीबरोबर पगार, दूध, पाणी, सगळंच बदलतं. उजेड हा त्यातला एक भाग.

सरकारला हे माहीत होतं. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, म्हणजेच बीडीडी. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये सरकारी पैशाने उपनगरं उभी राहत होती, एकरी बारा घरं, प्रत्येकाला बागेचा तुकडा. इथे ठरल्या ५०,००० खोल्या, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून. झाल्या जेमतेम साडेसोळा हजार: वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आणि उजेडाचं काय? इमारतींमध्ये अंतर ठेवलं, पण खिडकीच्या जागी काँक्रीटच्या पट्ट्या बसवल्या, त्यामुळे खोल्या अंधाऱ्या. सुरुवातीला आत मोरीसुद्धा नव्हती! बाहेर आकाश दिलं आणि आत झाकलं. वरळीला तर तेव्हा ना बाजार जवळ, ना धड वाहन. कामगार गेलेच नाहीत, चाळीच्या चाळी रिकाम्या. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने तिथे तात्पुरता तुरुंग केला, मग कुठे काही खोल्या भरल्या.

या दोन्ही मुंबईत राहिलेला एक माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे बावीस वर्षं परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट चाळीत राहिले. दोन खोल्या, ५० आणि ५१ नंबरच्या. परदेशातल्या पदव्या घेऊन आल्यावरही तिथेच. बाबासाहेब आणि रमाबाईंच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंत मोठे झाले. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. ती मुलं खोलीमुळे गेली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण ८२८ आणि ३२२ हे आकडे वाचताना आकड्यामागे घर असतं हे मला तिथे कळलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, पुस्तकांसाठी मुद्दाम जागा ठेवून. म्हणजे परळची चाळ आणि दादरची कॉलनी, दोन्ही ट्रस्टचीच, अंतर चालत जाण्याइतकं. ते अंतर कापायला त्यांच्यासारख्या माणसालाही वीस वर्षं लागली.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. बीडीडी चाळी मात्र उभ्या राहिल्या आणि पुढे गच्च भरल्या. आता म्हाडा त्यांचा पुनर्विकास करतंय. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फूट, संडास आत. शंभर वर्षांनी! मला त्याचा मनापासून आनंद आहे. फक्त टॉवर उंच आहेत, आणि उंची वाढली की मधलं अंतर किती हवं हे गणित आता तुम्हालाही येतं.

तुमच्या फोनमध्ये कोन मोजणारं ॲप असेल, नसेल तर फुकट मिळतं. तळमजल्याच्या किंवा तुमच्या इमारतीतल्या सगळ्यात खालच्या घराच्या खिडकीशी उभे राहा, समोरच्या इमारतीच्या माथ्यावर नेम धरा. मी आमच्या सोसायटीत वॉचमन काकांच्या केबिनच्या खिडकीतून मोजलं, ७१ आलं. तुमचा आकडा कमेंटमध्ये टाका, सोबत गाव किंवा सेक्टर लिहा.