इसब, दमा आणि एक जुनी भीती

"इसब दाबू नका, आत गेला की दमा होतो." शाळेत असताना हे वाक्य मी कितीतरी पालकांच्या तोंडून ऐकलं. त्या भीतीपोटी मुलाचे हात खाजवून रक्ताळले तरी मलम लावायचं नाही, असं चालत असे. गंमत म्हणजे त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. तान्हेपणी इसब, मग एखाद्या पदार्थाचं वावडं, पुढे धुळीने शिंका आणि शेवटी दमा, असा क्रम बऱ्याच मुलांत दिसतो. सगळ्यांत नाही, पण बऱ्याच. डॉक्टर त्याला 'ॲटॉपिक मार्च' म्हणतात. प्रश्न आहे तो कारणाचा.

'ॲलर्जी' हा शब्द तसा अलीकडचा. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली घडवला. घटसर्पावर घोड्याच्या रक्तातली लस टोचली की काही मुलांना ताप येई, अंगावर गांधी उठत. शरीराची ही बदललेली प्रतिक्रिया त्यांना नावाने सांगायची होती. आपला 'वावडं' हा शब्द मला त्याहून गोड वाटतो, पण तो असो.

खरी गोष्ट घडली ती ब्रेस्लाऊ शहरात, १९२१ साली. (हे शहर आज पोलंडमध्ये आहे.) हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेल्या माशाचं वावडं होतं. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ यांना तसा काही त्रास नव्हता. प्राउसनिट्झांनी क्युस्टनरांच्या रक्तातला पातळ भाग स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लगेच गांध उठली! म्हणजे वावडं रक्तातून दुसऱ्याला देता येत होतं. रक्तात काहीतरी होतं खास. ते 'काहीतरी' हाती यायला पंचेचाळीस वर्षं लागली. इशिझाका पतिपत्नींनी ते १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हरला शोधलं, आणि १९६८ साली त्याचं नाव ठरलं आय-जी-ई. मधल्या काळात, १९२३ साली, न्यूयॉर्कच्या कोका आणि कुक यांनी दमा आणि परागकणांची सर्दी यांना एकाच कुळात बसवून 'ॲटॉपी' हे ग्रीक नाव दिलं. अर्थ साधारण 'अस्थानी'. १९३३ साली इसबही त्या कुळात आला.

पण इसब पहिला का? याचं उत्तर २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथून आलं. तिथल्या आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला तर इसबाची शक्यता खूप वाढते. हे प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट ठेवतं. ते कमी पडलं की भिंतीला भेगा पडतात, आणि धूळ, अन्नाचे कण कातडीतून आत शिरतात. शरीराची त्यांच्याशी पहिली ओळख पोटातून न होता अशी चोरवाटेने होते, आणि ते त्यांना शत्रू समजून आय-जी-ई बनवू लागतं. म्हणजे आजींनी सांगितलेलं उलटं निघालं. इसब आत दबून दमा होत नाही, उघडी कातडी मात्र वावड्याला वाट देते. मलम लावायला घाबरण्याचं कारणच उरत नाही.

म्हणून मलमाने सगळं टळतं असंही नाही. निरोगी तान्ह्या बाळांना आधीपासून रोज मलम चोपडून इसब टळतो का, हे इंग्लंडमध्ये तपासलं गेलं. २०२० साली निकाल आला, नाही टळला.

शेंगदाण्याचं मात्र जमलं. लंडनच्या गिडियन लॅक यांनी तीव्र इसब किंवा अंड्याचं वावडं असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली लहानपणीच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, बाकीच्यांना वर्ज्य केला. २०१५ साली निकाल छापून आला. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याचं वावडं होतं, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना.