बदलीच्या गावचा मोगरा

भोपाळच्या इतिहासात मराठी माणूस प्रथम ठळकपणे दिसतो, तो बाग लावताना नव्हे. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला या गावी कोंडले. जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याचा तह झाला आणि फौजा परतल्या. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा इतिहास मात्र १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरू होतो. त्या दिवशी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि नागपूरचे राजधानीपण संपले. कारकून, शिक्षक, अभियंते बदलीचे हुकूम घेऊन भोपाळच्या गाडीत बसले. काही कुटुंबे ग्वाल्हेर-इंदूरहून आली.

या स्थलांतराविषयी लिहिताना आपण गणेशोत्सव, नाटके, वाचनालये यांची नोंद करतो. सरकारी क्वार्टरपुढच्या दोन वाफ्यांची नोंद कोणी केलेली नाही. ती करण्याचा हा अल्प प्रयत्न.

पहिला प्रश्न पंचांगाचा निघाला. उत्तरेकडील महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे होळी झाली की दुसऱ्याच दिवशी येथील माळी ‘चैत लग गया’ म्हणून मोकळा होई. आमच्या आजीचा फाल्गुन अद्याप पंधरा दिवस उरलेला असे. त्यातच २२ मार्च १९५७ रोजी भारत सरकारने राष्ट्रीय पंचांग सुरू केले. म्हणजे बदलून आलेल्या कुटुंबांच्या भोपाळातील पहिल्याच वसंतात तीन चैत्र लागोपाठ उगवले: माळ्याचा, सरकारचा आणि पाडव्याचा. नोकरी सरकारची असली, तरी मोगऱ्याला पाणी कोणत्या चैत्राच्या हिशेबाने सोडायचे हे आजीच ठरवी.

आणि हा हिशेब नेमका असावा लागे, कारण चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवे चालतात. आंब्याची डाळ व पन्हे यांची तजवीज बाजारातून होई. ओटीबरोबर द्यावयाची मोगऱ्याची फुले मात्र घरची हवीत, असा त्या पिढीचा हट्ट होता. त्यासाठी माघातच मोगऱ्याचे पाणी तोडायचे. महाशिवरात्रीच्या सुमारास छाटणी करून उरलेली पाने ओरबाडायची, आळे उकरून मुळांना काही दिवस ऊन दाखवायचे, मग कुजलेले शेणखत घालून भरपूर पाणी द्यायचे. उपाशी ठेवलेले झाड नव्या फुटीबरोबर कळ्या धरते. पाणी आठवडाभर आधी सुटले तर गौर बसण्यापूर्वीच बहर ओसरतो. उशीर झाला तर सवाष्णींच्या ओंजळीत नुसती पाने पडतात.

नागपूरची काळी माती येथेही भेटली, ही त्यातल्या त्यात सोय होती. ती तापली की भेगाळते आणि कोवळी मुळे तुटतात, हे कोणी शिकवावे लागले नाही. आळ्यावर कडुनिंबाचा वाळला पाला पसरणे, पाणी उन्हे कलल्यावर घालणे, तांदळाचे धुवण जास्वंदीला आणि न्हाणीचे पाणी कर्दळीला व अळवाला पाटाने नेणे, हे सारे तिकडूनच आले. परंतु नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, तर भोपाळ ५०० मीटर उंचीवर आहे. माळव्याच्या रात्री थंडाव्यासाठी प्रसिद्धच आहेत. म्हणून डेलिया, फ्लॉक्स ही थंडीची फुले येथे फाल्गुनातही रेंगाळत. ती उपटून झिनियाला जागा करावयाची, तर आजीचे मन होत नसे. बी धरू द्या, मग उपटा, असे ती म्हणे. फडताळात कागदाच्या पुड्या साठत आणि झिनिया दरवर्षी उशिराच पडे.

या बागांचे खरे वैशिष्ट्य मात्र निराळे होते. जमीन कोणाचीच नव्हती. निवृत्ती आली की क्वार्टर सोडावयाचे आणि त्यासोबत वाफेही. कुंड्या हातगाडीवर जात. पंधरा वर्षांचा मोगरा जात नसे. फांदी जमिनीत दाबून तिला मुळे फुटावीत यासाठी पावसाळा लागतो. वैशाखात निवृत्त होणाऱ्याने मागल्या आषाढातच दाबकलम केले नसेल, तर त्याला रिकाम्या हाती जावे लागे. तारीख ठाऊक असलेली घरे वर्षभर आधी फांदी दाबून तीवर वीट ठेवीत. कोणाच्या आळ्यात वीट दिसली की शेजारणी समजून जात. विषय कोणी काढीत नसे. आमच्या घरी ती वीट ठेवली गेली त्या दिवशी आजोबा संध्याकाळी फिरायला गेले नाहीत, एवढे आठवते.

पुढे अरेरा कॉलनीत, कोलार रस्त्यावर स्वतःची घरे झाली. क्वार्टरे जुनी होत गेली. २०१६ साली स्मार्ट सिटीसाठी प्रथम शिवाजीनगर-तुलसीनगरचा परिसर निवडला गेला. झाडे तुटतील म्हणून नागरिकांनी विरोध केला, तेव्हा योजना तात्या टोपे नगराकडे वळली आणि तेथील क्वार्टरांच्या ओळी पाडल्या गेल्या. २०२४ मध्ये शिवाजीनगर-तुलसीनगर भागात मंत्री व आमदारांच्या निवासांसाठी सुमारे २९ हजार झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला. लोक रस्त्यावर उतरले आणि तो मागे घ्यावा लागला. त्याचा आनंद आम्हालाही झाला. परंतु अशा मोजणीत वड, पिंपळ, कडुनिंब येतात. मोगरा हे झुडूप. त्याची गणना होत नाही, आणि तात्या टोपे नगरात किती आळी बुजली याचा आकडा कोणापाशीच नाही.

तो आता केवळ आपल्या घरांतून मिळू शकतो. आमच्या गॅलरीतील कुंडीत जो मोगरा आहे, तो दक्षिण तात्या टोपे नगरातील क्वार्टरच्या दाबकलमाचा. त्याचे मूळ रोप शेजारच्या वऱ्हाडी काकूंनी दिले होते, आणि त्यांनी ते नागपूरहून ओल्या फडक्यात बांधून आणले होते. त्यामागची हकीकत सांगणारे कोणी उरलेले नाही. वाचकांपैकी ज्यांच्या दारी असे रोप असेल त्यांनी ते कोणत्या क्वार्टरमधून, कोणाच्या आळ्यातून आणि कोणत्या साली आले, एवढे तीन ओळींत लिहून मंडळाकडे पाठवावे. यंदाची छाटणी झाली असेल, तर दोन काड्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवाव्यात.