फिशटँकच्या अल्गी रिअ‍ॅक्टरसाठी कोणता एलईडी सुरक्षित?

अल्गी रिअ‍ॅक्टर म्हणजे टँकचं पाणी फिरवून मुद्दाम शेवाळ वाढवायचा डबा. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून तयार होणारं नायट्रेट, फॉस्फेट हे शेवाळ शोषून घेतं. त्याच्या वाढीला साधारण 660 नॅनोमीटरचा लाल आणि 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश उपयोगी पडतो.

पण रंगाआधी व्होल्टेज पाहा. नवी मुंबईतल्या घरांत 230 व्होल्टचा एसी पुरवठा असतो. थेट त्यावर चालणारी एलईडी पट्टी पाण्याजवळ नकोच. 12 किंवा 24 व्होल्ट डीसीची पट्टी घ्या. अ‍ॅडॉप्टर बीआयएस नोंदणीचा असावा आणि पाणी उडणार नाही अशा जागी, टँकपेक्षा उंचावर लावावा.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका, आयपी आकडा वाचा:

• आयपी65: पाण्याचे फवारे सोसते, बुडवायची नाही.
• आयपी67: 1 मीटर पाण्यात 30 मिनिटांपर्यंत.
• आयपी68: सतत पाण्यात, पण कंपनीने दिलेल्या खोलीपर्यंतच.

पट्टी कापली की कापलेल्या टोकाला हे संरक्षण उरत नाही. म्हणून पट्टी पारदर्शक डब्याच्या बाहेरून लावणं उत्तम. खाडीकाठच्या दमट हवेत उघडे जोड लवकर गंजतात, तेही नीट सील करा.

घरात एमसीबी असला तरी तो शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल. आणि टँकमध्ये हात घालण्याआधी प्लग काढा.