तळ्याचा तळ आणि शब्दप्रमाण

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. अमेरिकेतल्या सरोवरांवर गळ टाकणारे लोक होडीवर जीपीएसचं यंत्र बसवतात. त्या यंत्रात तळाचा कोणता डिजिटल नकाशा घालावा, हा त्यांचा प्रश्न. त्यात तत्त्वज्ञानाच्या माणसानं काय बोलावं? आमचं म्हणणं असं की हा प्रश्न मुळात प्रमाणशास्त्राचा आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याबद्दल विश्वास कुणावर ठेवायचा? नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं सांगितली. उपमान आज बाजूला ठेवू. उरलेली तीन मात्र या छोट्याशा पडद्यावर एकाच वेळी हजर असतात.

सुरुवात ऐकीव ज्ञानापासून करू. आपल्याकडे एखाद्या डोहाबद्दल सांगतात की सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याबद्दलही लोक असंच सांगत. त्याला तळच नाही म्हणत. हेन्री डेव्हिड थोरोला हे पटलं नाही. तो पेशानं जमीन मोजणारा होता. 1846च्या सुरुवातीला, बर्फ फुटण्याआधी, त्यानं होकायंत्र, साखळी आणि दगड बांधलेली दोरी घेऊन शंभराहून अधिक ठिकाणी खोली मोजली. सर्वांत खोल जागा 102 फूट निघाली. पुढं आधुनिक साधनांनी झालेल्या मोजणीतही आकडा जवळपास तेवढाच आला.

पण गंमत पुढं आहे. थोरोनं नकाशा काढला तेव्हा त्याला दिसलं की सर्वाधिक लांबीची आणि सर्वाधिक रुंदीची रेषा जिथं छेदतात, तिथंच सर्वाधिक खोली आहे. मग हा नियम त्यानं दुसऱ्या तळ्यावर लावून पाहिला, आणि तो बराचसा जुळला. हे झालं अनुमान. शिवाय त्यानं एक बारकावा नोंदवला. पाणी नंतर पाच फुटांनी चढलं, म्हणून खोली 107 फूट धरावी. म्हणजे खोली हा तळाचा एकट्याचा गुण नव्हे, तो तळ आणि पाण्याची पातळी यांच्यातला संबंध आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता स्कॉटलंडला जाऊ. 'चॅलेंजर'च्या सागरी मोहिमेत काम केलेले सर जॉन मरे यांनी तिथल्या सरोवरांची मोजणी हाती घेतली. त्यांचा तरुण सहकारी फ्रेडरिक पुलर यानं या कामासाठी खोली मोजायचं एक सुटसुटीत यंत्र तयार केलं. फेब्रुवारी 1901मध्ये एअरथ्री नावाच्या तळ्यावर बर्फ फुटून लोक पाण्यात पडले. त्यांना वाचवताना फ्रेडरिक स्वतः बुडाला. काम तिथंच थांबलं असतं. पण त्याचे वडील लॉरेन्स पुलर पुढं आले, त्यांनी पैसा उभा केला आणि मरे यांच्याबरोबर काम तडीस नेलं. 562 सरोवरं, साठ हजारांच्या आसपास मापं आणि 1910मध्ये सहा खंड. लॉख मोरार 1017 फूट खोल आहे, हे त्या मोजणीतून कळलं. एका बापानं मुलाचं अर्धं राहिलेलं काम असं पुरं केलं. पुढच्या पिढ्यांनी हे आकडे निःशंकपणे वापरले, कारण मोजणारा कोण, त्यानं कसं मोजलं आणि किती वेळा मोजलं हे सगळं छापलेलं होतं. नैयायिक ज्याला आप्त म्हणतात, तो असा असतो. त्याला वस्तू खरोखर ठाऊक असते, आणि ती जशी आहे तशी सांगायची त्याची इच्छा असते.

दोरीची जागा पुढं ध्वनीनं घेतली. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याच्या गरजेतून या तंत्राला वेग आला. त्याचं नाव सोनार. आपला दागिन्यांचा सोनार नव्हे, पण हाही कस लावूनच सांगतो बरं का! गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर जातो. तीस मीटर खोल तळावर आपटून परत यायला सेकंदाचा पंचविसावा भागही पुरतो. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्ल लोरन्स यांच्या कंपनीनं हौशी मासेमारांसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारी छोटी हिरवी पेटी बाजारात आणली. सामान्य माणसाला तळ प्रत्यक्ष कळू लागला.

तरी एक अडचण होतीच. खोली कळली, पण आपण नेमके कुठं आहोत? जीपीएसचा संकेत अमेरिकी सरकार नागरिकांसाठी मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळं शंभर मीटरपर्यंत चूक सहज होई. 1 मे 2000च्या रात्री तो बिघाड काढून टाकला गेला, आणि चूक दहा-वीस मीटरांवर आली. पाण्याखालचा तीस मीटर रुंदीचा उंचवटा आता पुन्हा सापडू लागला. इथून डिजिटल नकाशांचा धंदा खऱ्या अर्थानं फोफावला.

आता निवडीकडं येऊ. बाजारात मोठी नावं थोडीच आहेत. नॅव्हिऑनिक्स ही 1984मध्ये इटलीत सुरू झालेली कंपनी 2017मध्ये गार्मिननं घेतली. लेकमास्टर 2010मध्ये हमिंगबर्डच्या मालक कंपनीकडं गेली. लोरन्सच्या यंत्रांत सी-मॅप चालतो. म्हणजे यंत्र घेतानाच नकाशा बऱ्याच अंशी ठरतो. म्हणून आधी नकाशा पाहावा, मग यंत्र घ्यावं. लोक नेमकं उलटं करतात.

नकाशा पाहायचा म्हणजे काय पाहायचं? आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, मोजलं कुणी आणि किती दाट? पडद्यावर एकेका फुटाच्या अंतरानं सुबक रेषा दिसतात. पण होडी गेली ती काही ओळींतूनच. दोन ओळींमधली जागा गणितानं भरलेली असते. प्रत्यक्ष आणि अनुमान दोन्ही एकाच शाईत काढलेलं असतं, ही खरी फसगत. काही सरोवरांचे नकाशे कंपनीनं स्वतः मोजून केलेले असतात, तर काहींचे जुन्या सरकारी कागदावरून उतरवलेले. यादीत सरोवराचं नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नये, ते कोणत्या प्रकारात आहे हे पाहावं. आणि प्रत्यक्षालाही मर्यादा आहे. वीस अंशांच्या शंकूतला ध्वनी दहा मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ व्यापतो. त्या वर्तुळातला एकटा खडक वेगळा दिसेलच असं नाही.

दुसरा, पाणी कोणत्या पातळीवर धरलंय? इथं थोरोचे पाच फूट आठवा. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. धरणाचा नकाशा पातळी न सांगता खोली सांगत असेल, तर तो अर्धंच वाक्य बोलतो. पातळीचा फरक भरून सगळ्या रेषा वरखाली करायची सोय ज्या नकाशात आहे, तो घ्यावा. आणि पहिल्याच दिवशी ओळखीच्या जागी स्वतःच्या सोनारशी ताडून पाहावा.

तिसरा प्रश्न मालकीचा. आज तुमची होडी फिरते तशी यंत्र नोंद करतं, आणि तुम्ही ती पाठवलीत तर कंपनीच्या सामायिक नकाशात जाते. हजारो लोकांच्या फेऱ्यांतून नकाशा सुधारतो हे खरं. पण मरे आणि पुलर यांचे खंड कुणीही उघडावेत असे होते. इथं आपण दिलेलं माप आपल्यालाच वर्गणी भरून परत घ्यावं लागतं. म्हणून स्वतःची नोंद स्वतःजवळ ठेवता येते का, दुसऱ्या यंत्रात नेता येते का, हे जरूर विचारावं. आणखी एक पदर आहे. जिथं मासे लपतात ती जागा सर्वांच्याच पडद्यावर आली, तर माशांना जागा कुठली उरली? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कार्डात मिळत नाही.

मिनेसोटासारख्या राज्यात लोक गोठलेल्या सरोवरावरही हेच नकाशे घेऊन जातात. कुठं भोक पाडायचं ते नकाशा अचूक सांगतो. बर्फ किती जाड आहे, हे तो सांगत नाही. तळ मोजायचं यंत्र करणारा फ्रेडरिक पुलर बर्फाखालीच गेला, हे अशा वेळी आठवावं. शब्दप्रमाण जरूर मानावं, पण आप्त कोणत्या विषयात आप्त आहे एवढं विचारून. बर्फाची जाडी अजूनही स्वतःच्या हातानंच मोजावी लागते.

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.