वऱ्हाडांतील जुन्या सनदा व अपिलाची मर्यादा

वऱ्हाडांतील जुन्या कागदांचा संग्रह करणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जमिनीच्या वादांत एखादी सनद पुढें आली व नागपुरास अपील फेटाळलें गेलें, एवढ्यावरून ती सनद अस्सल ठरत नाहीं.

निकाल अन्यायाचा वाटल्यास दुप्पट दंड पत्करून वाद पुन्हां चालवावा, असें नारदस्मृतींत आहे. इंग्रजी रीत निराळी. १९०८ च्या दिवाणी संहितेनें पहिल्या अपिलांत पुरावा व कायदा दोन्ही तपासण्याची मुभा दिली. दुसऱ्यांत मुख्यतः कायदाच. सनदेचा अर्थ काय, हा कायद्याचा प्रश्न. ती खरी कीं बनावट, हा वस्तुस्थितीचा. मुनसफाच्या निकालावरील अपिलांत अमरावती वा अकोल्याच्या जिल्हा न्यायाधीशानें याविषयीं जें ठरविलें, त्यांत १९३६ त स्थापन झालेलें नागपूर हायकोर्ट सहसा हात घालीत नसे. १९५६ पासून तेथें असलेल्या मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठासही तीच मर्यादा आहे. शिवाय १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यान्वयें तीस वर्षांचा कागद योग्य ताब्यांतून आला, तर सही सिद्ध केल्यावांचूनही कोर्ट तो खरा धरूं शके.

सबब केवळ नागपूरच्या निकालावर विसंबूं नये. जिल्हा कोर्टाच्या निकालाची नक्कल मिळवावी, आणि शिक्का, मिती व अक्षराचें वळण यांची परीक्षा स्वतः करावी.