कॅम्पर व्हॅनच्या भिंतींना रेक्झिनचे अस्तर

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अलीकडे, भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. हंगामात येथून मिरचीने भरलेल्या गाड्या दूरच्या बाजारांकडे निघतात. मालवाहू गाडीच्या केबिनमध्ये डोकावले तर छताला, दरवाजांना आणि चालकाच्या पाठीमागच्या फळीला अनेकदा रेक्झिनचे गुबगुबीत अस्तर लावलेले दिसते. कुठे चौकटीची शिलाई असते, तर कुठे चकचकीत बटणांची नक्षी. शहरातील हौशी प्रवासी आपल्या कॅम्पर व्हॅनसाठी ‘व्हिनाइलच्या अपहोल्स्टर्ड पॅनेल’ची चौकशी करतो, तेव्हा तो नाव वेगळे घेत असला तरी मागत असतो हेच काम. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. ट्रकच्या केबिनमध्ये माणूस बहुतांश वेळ जागा असतो; कॅम्परमध्ये तो दारे-खिडक्या लावून झोपतो. त्यामुळे भिंतीवरील अस्तर दिसते कसे, यापेक्षा ते पेटल्यास काय होईल आणि त्यामागे काय साचेल, याचा विचार आधी करावा लागतो.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा, तर ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाला आणि जालना हे मुंबई-नागपूर वाटेवरचे ठिकाण बनले. अजिंठा, भोकरदन, बुलडाणा या पट्ट्यात गाडीतच मुक्काम करण्याचे बेत आता अधिक सहजपणे आखले जातात. तयार कॅरॅव्हॅन परवडत नसल्याने ट्रॅव्हलर किंवा तत्सम व्हॅन घेऊन ती आतून सजवून घेण्याकडे अनेकांचा कल असतो.

‘रेक्झिन’ हे मुळात एका इंग्रजी कंपनीच्या मालाचे नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन ते कृत्रिम चामडे बनविले जाई. हा थर अत्यंत ज्वालाग्राही असे. ब्रिटिश रेल्वेच्या डब्यांच्या भिंती या रेक्झिनने मढविलेल्या असत. जुलै १९५१ मध्ये हंटिंग्डनजवळ एका प्रवासी गाडीला आग लागली. ती इतक्या झपाट्याने पसरण्यामागे भिंतींवरचे हेच अस्तर होते, असे तपासात दिसून आले. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो तो माल वेगळा आहे. कापडाच्या पाठीवर मऊ केलेल्या पीव्हीसीचा थर, असे त्याचे स्वरूप असते. मूळचे कडक पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती १९२६ मध्ये वॉल्डो सेमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला साधली आणि या मालाचा मार्ग मोकळा झाला. जुने नाव तेवढे आपल्या बाजारात टिकून राहिले.

शुद्ध पीव्हीसीमध्ये वजनाच्या निम्म्याहून अधिक क्लोरीन असल्याने ते सहजासहजी जळत नाही. विक्रेते याच गोष्टीचा आधार घेऊन ‘आमचे रेक्झिन पेटत नाही’ असे सांगतात. परंतु त्याला मऊपणा देणारी तेलकट द्रव्ये पेटतात, मागचे कापड पेटते आणि जळताना क्लोरीनपासून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. डोळे व श्वासनलिका होरपळविणारी ही वाफ बंद व्हॅनमध्ये अल्पावधीत भरून राहते. खरा धोका मात्र रेक्झिनखालच्या फोमचा. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. भिंतीच्या पॅनेलसाठी आगरोधक प्रक्रिया केलेलाच फोम घ्यावा. गादीच्या दुकानातील उरलेले तुकडे भिंतीत भरणे हा स्वस्तात घेतलेला मोठा धोका आहे.

वाहनांच्या आतील साहित्यासाठी भारतीय मानक आयएस १५०६१ हे २००२ मध्ये आले. याच जातीचे अमेरिकी मानक १९७२ पासून लागू आहे आणि त्यात ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरहून अधिक वेगाने सरकता कामा नये अशी मर्यादा आहे. यातील एक बारकावा ध्यानात घ्यावा. ही चाचणी नमुना आडवा धरून केली जाते. उभ्या भिंतीवर ज्वाला स्वतःच्याच उष्णतेने वरचा भाग तापवीत चढते आणि वेग कितीतरी वाढतो. म्हणून चाचणीत उतरलेला माल घेणे ही किमान अट समजावी. त्यावर निर्धास्त होऊ नये. खरेदी करताना मानकाचा क्रमांक असलेले प्रमाणपत्र मागावे. नामांकित उत्पादकांचा मोटारींसाठीचा माल थोडा महाग पडतो, पण त्याचे कागद मिळू शकतात.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. बस दाराच्याच बाजूला आडवी झाल्याने बाहेर पडण्याची वाट बंद झाली होती. त्या दुर्घटनेचा अस्तराशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु एकच दार असलेल्या घराचा आराखडा करताना ती डोळ्यांपुढे असावी. दोन विरुद्ध बाजूंनी बाहेर पडता आले पाहिजे. आपत्कालीन खिडकी पॅनेलने झाकू नये, तिची कडी अस्तराखाली जाऊ देऊ नये आणि काच फोडण्याची हातोडी अंधारातही सापडेल अशा जागी, शक्यतो उशाजवळ असावी. एअरबॅग आणि सीटबेल्टचे खांब तर मढवूच नयेत.

आता पॅनेलमागे काय असावे ते पाहू. व्हॅनचा पत्रा आणि आतील पॅनेल यांच्यामध्ये पोकळी राहते. दोन माणसे रात्रभरात श्वास व घामावाटे सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. हिवाळ्यात मराठवाड्यातील रात्री बऱ्याच थंड असतात; पत्रा गार पडतो आणि हे बाष्प सांधी-फटींतून आत शिरून त्यावर दवासारखे जमते. रेक्झिन पाणी व वाफ आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे आत जमलेला ओलावा सहज बाहेरही पडत नाही. दोन पावसाळ्यांनंतर कुबट वास येऊ लागतो आणि पॅनेल काढल्यावर पत्र्याला गंज चढलेला दिसतो. यासाठी सर्वप्रथम जुना गंज घासून, गंजरोधक प्रायमर लावावा. नंतर पत्र्याला घट्ट चिकटेल असा, बंद छिद्रांचा आणि पाणी न शोषणारा फोमशीट लावावा. काचलोकर किंवा कापूस कोंबू नये. ते ओलावा धरून ठेवतात. गाडीच्या उंबरठ्याखाली पाणी निघून जाण्यासाठी उत्पादकाने ठेवलेली छिद्रे मोकळी राहतील याची खात्री करावी. छताला छोटा पंखा किंवा झडप बसविली तर निम्मे काम तेथेच होते.

विजेच्या ताराही या टप्प्यावरच ओढाव्यात. प्रत्येक तार लवचिक नळीतून न्यावी, पत्र्याच्या छिद्रातून जाताना रबरी कडी घालावी आणि प्रत्येक जोडणीला बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज द्यावा. फोमला टेकलेली सैल जोडणी हे वाहनातील आगीचे अगदी सामान्य कारण ठरू शकते. झाकण्यापूर्वी भिंतीची छायाचित्रे काढून ठेवली तर पुढे स्क्रू कोठे मारू नये ते कळते.

पॅनेलचा गाभा म्हणजे प्लायवूड. ४ किंवा ६ मिलिमीटर जाडीचा, आयएस ७१० चिन्हाचा म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय वापरणे इष्ट. आगरोधक प्लायसाठी आयएस ५५०९ हे वेगळे मानक आहे आणि ओट्यालगतच्या भागात तो वापरावा. हार्डबोर्ड स्वस्त असला तरी ओल लागली की फुगतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून भिंतीला लावून पाहावा, कारण व्हॅनची भिंत सरळ दिसली तरी सहसा सरळ नसते. साच्याप्रमाणे प्लाय कापताना प्रत्येक कडेला सुमारे ३ मिलिमीटर कमी ठेवावेत, अन्यथा रेक्झिन गुंडाळल्यावर शेजारची पॅनेले एकमेकांना रेटू लागतात. कडा पॉलिश पेपरने गोल कराव्यात. धारदार कडेवर ताणलेले रेक्झिन कालांतराने तेथेच चिरते.

भिंतीसाठी ६ ते १० मिलिमीटर फोम पुरेसा होतो. त्याहून जाड फोमने आतील जागा घटते, आणि व्हॅनमध्ये एक इंचही मोलाचा असतो. फोम प्लायला रबरी गोंदाने चिकटवावा. हा गोंद निवडताना उष्णता सोसणारा निवडावा. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते. छताचे अस्तर लोंबकळू लागते ते बहुधा याच कारणाने. गोंदातील टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही असते. हे काम उघड्यावर करावे, जवळ विडी-सिगारेट वा चालू शेगडी नसावी, आणि पॅनेले पूर्ण वाळून वास गेल्यावरच गाडीत बसवावीत.

रेक्झिन मीटरवर विकले जाते आणि त्याचा पन्हा साधारणतः ५४ इंच, म्हणजे १.३७ मीटर असतो. खरेदीपूर्वी पॅनेलांची मांडणी कागदावर करून पाहिल्यास बराच माल वाचतो. पाठीचे कापड मात्र उलटून पाहावे. विणीचे, म्हणजे बनियनसारखे ताणणारे कापड असेल तर ते वळणदार भागांवर नीट बसते. सुताच्या साध्या विणकामाचे कापड ताणत नाही आणि चाकाच्या कमानीवर हमखास सुरकुत्या पडतात. कापताना चारही बाजूंनी दोन-अडीच इंच अधिक ठेवावे. तुकडा काही मिनिटे उन्हात पसरला की तो मऊ पडतो. मराठवाड्यात या कामासाठी वेगळ्या यंत्राची आवश्यकता भासत नाही.

ताणण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पीन मारावी, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकत जावे, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने घ्याव्यात. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळले की नक्षी तिरकी होते. कोपऱ्यावर जादा रेक्झिन कापून सपाट घड्या घालाव्यात. खिडकीच्या जागी आधी फुलीच्या आकाराचा छेद द्यावा आणि तो कोपऱ्याच्या किंचित अलीकडेच थांबवावा. राहिलेले अंतर ताणताना आपोआप भरून निघते. पिनांच्या लांबीकडे अनुभवी कारागिरांचेही कधीकधी दुर्लक्ष होते. ६ मिलिमीटरच्या प्लायवर ८ मिलिमीटरची पीन मारली तर तिचे टोक दुसऱ्या बाजूने निघून फोममधून वर टोचते. हात फिरविल्याशिवाय ते कळत नाही आणि त्या भिंतीला टेकून मूल झोपणार असते. पिना गंजरोधक असाव्यात.

बटणे व चौकटीची शिलाई दिसायला सुरेख, तथापि शिलाईचे प्रत्येक छिद्र हे ओलावा आत जाण्याची वाट असते आणि घडीत धूळ साचते. प्रस्तुत लेखकाच्या मते झोपण्याच्या भागात साधे सपाट पॅनेलच बरे. नक्षीची हौस दरवाजावर भागवावी.

पॅनेल कायमचे चिकटवून टाकू नये. प्लॅस्टिकच्या क्लिपा किंवा वाटीदार वॉशरसह छोटे स्क्रू वापरावेत, म्हणजे दोन-तीन वर्षांनी ते काढून मागचा पत्रा तपासता येतो. स्क्रू भिंतीच्या पोलादी पट्ट्यांतच मारावा. बाहेरच्या पत्र्याला भोक पडले तर पुढची गळती शोधण्यात पावसाळा जातो. कपाट, टेबल, पाण्याची टाकी यांचा भार पॅनेलवर कदापि देऊ नये. त्यांचे बोल्ट पॅनेल ओलांडून गाडीच्या सांगाड्यात गेले पाहिजेत. जोरात ब्रेक लागल्यावर सैल कपाट पुढच्या आसनावर येऊन आदळते.

शेगडीभोवती रेक्झिन लावूच नये. तेथे स्टीलचा वा अॅल्युमिनियमचा पत्रा बसवावा आणि तो शेगडीच्या वर छतापर्यंत न्यावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, यासाठी तळाशी वायुवीजनाचे छिद्र हवे. एक-दोन किलोचे कोरड्या पावडरीचे अग्निशामक दाराजवळ टांगावे. ते बिछान्याखालच्या खणात ठेवल्यास ऐनवेळी हाती लागत नाही.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-परिवहन वाहनांमधील स्वतंत्र प्रकार म्हणून २००४ च्या केंद्रीय अधिसूचनेत नोंदलेला आहे आणि मोटार कॅरॅव्हॅनच्या रचनेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. निव्वळ अस्तर बदलणे वेगळे. पण आसने काढून बिछाना व ओटा बसविला की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारावर बंधने घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अवैध फेरफारासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. यापेक्षा मोठी अडचण विम्याची. नोंद न केलेल्या फेरफाराकडे बोट दाखवून दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. म्हणून प्लाय कापण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी चौकशी करावी.

देखभाल सोपी आहे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरते. थिनर किंवा पेट्रोलने डाग पुसू नये. त्याने मऊपणा देणारी द्रव्ये निघून जातात आणि रेक्झिन कडक होऊन तडकते. मिरचीच्या मुलखातून गाडी जाते तेव्हा तांबडी भुकटी शिलाईत शिरते. ती आधी कोरड्या ब्रशने झटकावी, ओले फडके फिरवले तर रंग पसरतो. हळदीचा डाग मात्र साबणाने जात नाही. फिकट रंगाच्या पॅनेलवर तो पडला तर ते पॅनेल क्लिपांतून काढून एक-दोन दिवस उन्हात ठेवावे. हळदीचा रंग सूर्यप्रकाशात विरतो आणि डाग बराचसा फिका पडतो.